कमरेचा काच आणि आजाराचे नाव : पसरलेल्या त्वचाकर्करोगाच्या ‘स्थानिक’ उपचारविचाराची समीक्षा

प्रस्तावना

नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन भारतीय स्त्रियांच्या त्वचाकर्करोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. तो लिहिणारे डॉक्टर वर्धा येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील आणि बिहारमधील मधुबनी वैद्यकीय महाविद्यालयातील होते. दोन्ही स्त्रिया सत्तरीच्या आसपासच्या होत्या. दोघींच्याही कमरेच्या उजव्या बाजूला न भरणारी जखम होती. पहिलीची जखम अठरा महिन्यांची, तर दुसरीची दोन वर्षांची होती. पहिली स्त्री साडीखाली घट्ट नाडीचा परकर वापरीत असे. दुसरी चाळीस वर्षे रोज लुगडे नेसत आली होती. दुसरीच्या बाबतीत कर्करोग जखमेपुरता न राहता जांघेतील एका लसिका ग्रंथीपर्यंत पोहोचला होता.

हा वृत्तान्त ‘पेटीकोट कॅन्सर’ या नावाने देशोदेशींच्या वर्तमानपत्रांत गेला. चार दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला. परंतु ज्या प्रदेशात आजही साठीपलीकडील असंख्य स्त्रिया लुगडे नेसून शेतात राबतात, त्या मराठवाड्यातील अभ्यासकांना तो असा मागे टाकता येणार नाही. वैद्यकीय वृत्तान्ताची समीक्षा भाषासाहित्याच्या अध्यापकाने का करावी, असा प्रश्न येथे उपस्थित होणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, रोगाचे निदान प्रयोगशाळेत होत असले तरी रोगाला नाव भाषेत मिळते. त्या नावावरून रुग्णाने काय समजायचे, कोणाला दाखवायचे आणि केव्हा दाखवायचे हे बव्हंशी ठरत असते. नाव चुकले तर ज्याच्यासाठी सूचना आहे त्याच्यापर्यंत ती पोहोचत नाही.

प्रस्तुत लेखात तीन प्रश्नांचा विचार केला आहे. या आजाराला मिळालेली नावे काय सांगतात आणि काय झाकतात? कर्करोग पसरल्यानंतर केल्या जाणाऱ्या अल्पछेदी स्थानिक उपचारांचा दावा व मर्यादा काय? आणि ‘स्थानिक’ या शब्दाचा अर्थ हदगावसारख्या तालुक्यातील स्त्रीच्या संदर्भात कसा लावावा?

१. वृत्तान्ताचे स्वरूप

रुग्णवृत्तान्त हा एक काटेकोर कथनप्रकार आहे. वय, तक्रार, तक्रारीचा कालावधी, तपासणी, निदान आणि उपचार असा त्याचा क्रम ठरलेला असतो. व्यक्तीचे नाव त्यात नसते. त्यामुळे व्यक्तिरेखा उभी राहते ती आकड्यांतून. चाळीस वर्षांचे लुगडे आणि दोन वर्षांची जखम हे दोन आकडे शेजारी ठेवले की एका आयुष्याचा आलेख डोळ्यांसमोर येतो. या वृत्तान्तात रुग्ण स्त्रीच्या निवेदनालाही स्थान दिले आहे. आपण आयुष्यभर नऊवारी कमरेला घट्ट बांधून नेसत आलो, सहा वर्षांपूर्वी कमरेवरचा रंग थोडा उडालेला दिसला, ती किरकोळ बाब समजून दुर्लक्ष केले आणि पुढे तिथेच न भरणारी जखम झाली, असा त्याचा आशय आहे.

या निवेदनातील महत्त्वाचा तपशील वस्त्राचा नसून काळाचा आहे. रंग उडालेला पहिला डाग आणि रुग्णालयाची पायरी यांच्यामध्ये सहा वर्षे गेली. या सहा वर्षांत रोज सकाळी तीच गाठ त्याच जागी बसत होती. वैद्यकीय कारणमीमांसाही याला अनुसरूनच आहे. सततचा दाब व घर्षण यांमुळे त्वचा पातळ होते, तिला भेग पडते, जखम होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी गाठ येत असल्याने ती पूर्ण भरत नाही. घाम, उष्णता आणि धूळ यांनी ती चिघळते. वर्षानुवर्षे दाह चालू राहिला की क्वचित त्या जखमेच्या कडेला त्वचेच्या वरच्या थरातील चपट्या पेशींचा कर्करोग सुरू होतो. जुन्या व्रणात उद्भवणाऱ्या अशा कर्करोगास ‘मार्जोलिन व्रण’ म्हणतात. झाँ-निकोला मार्जोलिन या फ्रेंच शल्यविशारदाने १८२८ मध्ये अशा व्रणांचे वर्णन केले होते. भाजल्याचे व्रण, पायावरच्या जुनाट जखमा, क्षयाच्या त्वचागाठी, सर्पदंशाचे व्रण यांतही तो उद्भवू शकतो. तो दुर्मीळ आहे. परंतु झाल्यास आक्रमक असू शकतो आणि लसिका ग्रंथींकडे पसरू शकतो.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नमूद करणे आवश्यक आहे. लुगडे नेसणाऱ्या वा परकर बांधणाऱ्या कोट्यवधी स्त्रियांना कर्करोग होत नाही. दोन रुग्णांच्या वृत्तान्तावरून सर्वसाधारण धोक्याचे प्रमाण काढता येत नाही. त्यावरून एक संभाव्य मार्ग दिसतो, आणि तो मार्ग सुरुवातीलाच अडवता येण्यासारखा आहे, एवढेच त्याचे मोल आहे.

२. नावांचा प्रवास : धोतर, साडी, पेटीकोट

कमरेवरील या कर्करोगाची नोंद नवी नाही. मुंबईत १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करणारे विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासमवेत १९४५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. माणसांच्या रूढी व सवयी आणि कर्करोग यांचा संबंध हा त्याचा विषय होता. धोतराच्या घट्ट गाठीच्या जागी होणारा ‘धोतर कर्करोग’ या निबंधामुळे वैद्यकीय वाङ्मयात आला. काश्मीरमध्ये पोटाशी धरलेल्या कांगडीच्या धगीने होणाऱ्या कर्करोगाला ‘कांगडी कर्करोग’ म्हणत, त्याच परंपरेतले हे नामकरण होते. खानोलकरांचे श्रेय असे की, रोगाचे मूळ केवळ शरीरात न शोधता ते माणसाच्या राहणीत शोधण्याची दृष्टी त्यांनी दिली.

पुढे स्त्रियांमधील अशाच रुग्णांसाठी ‘साडी कॅन्सर’ हे नाव रूढ झाले. २०२४ च्या वृत्तान्ताचे लेखक या नावाशी सहमत नाहीत. दोष साडीचा नसून कमरेला आवळलेल्या नाडीचा आहे, म्हणून ‘पेटीकोट कॅन्सर’ म्हणणे अधिक योग्य, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख आहे. हे पाऊल पुढचे आहे, हे मान्य केले पाहिजे. संपूर्ण वस्त्रावरचा आरोप त्यांनी एका नाडीपुरता मर्यादित केला आणि त्यातून सैल नाडी, रुंद पट्टा, जागा बदलणे असे सोपे उपायही सूचित झाले.

तथापि, येथेच या नावातील अंतर्विरोध लक्षात येतो. ज्या दुसऱ्या स्त्रीचा कर्करोग जांघेपर्यंत पोहोचला होता, ती लुगडे नेसत होती. आणि लुगड्याखाली परकर नसतो. नऊवारी लुगडे कमरेला गाठ मारून, निऱ्या काढून, कासोटा मागे खोचून नेसले जाते. त्यात नाडी नाही, पेटीकोट तर नाहीच. म्हणजे दोघींपैकी ज्या स्त्रीचा आजार अधिक पुढे गेला होता, तीच या नावातून वगळली गेली. ‘पेटीकोट कॅन्सर’ची बातमी आकाशवाणीवर ऐकणारी लुगड्यातली स्त्री, ‘आपण कुठे परकर घालतो?’ असे म्हणून निर्धास्त होईल. धोतर नेसणारा तिचा नवराही तसाच निर्धास्त होईल. इशारा देण्यासाठी घडवलेले नाव येथे चुकीचा दिलासा देते, ही त्याची मोठी उणीव होय.

वस्त्रावरून दिलेल्या नावाचा दुसरा दोष सामाजिक आहे. नाव वस्त्राचे असले की चर्चा वस्त्राची होते. लुगडे जुनाट, लुगडे अनारोग्यकारक, म्हणून म्हाताऱ्यांनी गाऊन वापरावा, असा सोपा निष्कर्ष शहरी वाचक काढतो. परंतु लुगडे घट्ट का नेसले जाते, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. कापूस वेचताना कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकावे लागते. खुरपताना उकिडवे बसून पुढे सरकावे लागते. हळदीच्या कामात चिखल, वाफ आणि ओझे असते. सैल नेसण अशा कामात टिकत नाही. मराठीत ‘कंबर कसणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ कामाला निर्धाराने लागणे असा आहे. ज्या स्त्रियांच्या कष्टाला तो शब्दशः लागू पडतो त्यांच्या कमरेवर त्याची खूणही उमटते. म्हणून घट्ट गाठ ही अज्ञानाची खूण नसून श्रमाची खूण आहे. उपदेश करण्यापूर्वी एवढे भान उपदेशकाला असले पाहिजे.

३. ‘काच’ : हाताशी असलेला शब्द

या आजाराच्या सुरुवातीच्या अवस्थेसाठी मराठीत एक नेमका शब्द पूर्वीपासून आहे. तो म्हणजे ‘काच’. नाडीचा काच, करदोड्याचा काच, बैलाच्या खांद्यावरचा जुवाचा काच असे आपण सहज म्हणतो. घट्ट बांधल्याने किंवा सतत घासल्याने शरीरावर पडणारा वळ आणि त्यापासून होणारी पीडा, हे दोन्ही या एका शब्दात येते. शिवाय त्याला दुसरीही छटा आहे. सासरचा काच, परिस्थितीचा काच असे म्हणताना मुकाट सोसलेल्या जाचाचा अर्थ त्यात असतो. कमरेवरचा वळ आणि तो न सांगता सोसण्याची सवय या दोहोंना एकच शब्द असणे हा भाषेने जपलेला अनुभव आहे.

प्रस्तुत लेखकाच्या आजीच्या कमरेवर असा काळसर, खरबरीत वळ होता. नातवंडांनी विचारले की, ‘लुगड्याचा काच हाय, त्याला काय हुतंय’ असे ती म्हणे. त्याला खरोखरच काही झाले नाही. बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत काही होतही नाही. परंतु त्या उत्तरातील बेफिकिरी ही पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, आणि ज्या मोजक्या स्त्रियांच्या बाबतीत पुढे जखम होते, त्यांनाही पहिल्या दिवशी हेच उत्तर सुचते.

म्हणून या आजाराला मराठीत ‘काचव्रणाचा कर्करोग’ असे म्हणावे, असे येथे सुचवावेसे वाटते. या नावात परकर येतो, लुगडे येते, धोतर येते, करदोडाही येतो. दोष वस्त्राकडे न जाता दाबाकडे जातो. आणि मुख्य म्हणजे, हे नाव ऐकणाऱ्या स्त्रीला ‘माझ्या कमरेवर काच आहे का?’ हा प्रश्न स्वतःला विचारावासा वाटेल. जी संज्ञा रुग्णाला स्वतःच्या शरीराकडे पाहायला लावते, ती अधिक उपयुक्त होय.

४. पसरल्यानंतरचे स्थानिक उपचार : दावा आणि मर्यादा

कर्करोग जखमेपुरता असेपर्यंत मार्ग तुलनेने सरळ असतो. भोवतालच्या निरोगी त्वचेच्या पुरेशा कडेसह व्रण काढून टाकणे, गरजेनुसार त्वचारोपण करणे हा मुख्य उपचार आहे. तो जांघेतील ग्रंथीत गेला की ग्रंथी काढण्याची मोठी शस्त्रक्रिया आणि बऱ्याचदा किरणोपचार आवश्यक ठरतात. त्यापुढे तो त्वचेवर ठिकठिकाणी गाठींच्या रूपाने उगवू लागला, किंवा वयामुळे व इतर आजारांमुळे मोठी शस्त्रक्रिया झेपण्यासारखी नसली, म्हणजे अल्पछेदी स्थानिक उपचारांचा विचार पुढे येतो. आपल्याकडे ‘बिनटाका’ या जाहिराती शब्दाने अशा उपचारांभोवती एक वलय निर्माण केले आहे. त्यामुळे त्यांचे नेमके स्वरूप पाहणे अगत्याचे आहे.

यांपैकी एक महत्त्वाची पद्धत म्हणजे विद्युत्‌-रसायनोपचार. ब्लिओमायसिन हे जपानमध्ये उमेझावा यांनी शोधलेले जुने औषध आहे. ते पेशीच्या आवरणातून सहजी आत शिरत नाही. औषध दिल्यानंतर गाठीत सुयांसारखे विद्युद्‌ग्र खुपसून एका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढ्या क्षणिक अशा आठ विद्युत्‌स्पंदांचा मारा केला, तर पेशीचे आवरण काही काळ सच्छिद्र होते आणि औषध आत जाते. त्यामुळे औषधाची मारकता अनेक पटींनी वाढते. लुई मीर व त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी माणसांवरील पहिले निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. २००६ मध्ये युरोपातील अनेक केंद्रांच्या एकत्रित अभ्यासातून या पद्धतीची प्रमाणित कार्यरीत ठरली. त्या अभ्यासात सुमारे ८५ टक्के गाठींनी उपचाराला प्रतिसाद दिला. २०१३ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने त्वचेत पसरलेल्या कर्करोगासाठी तिचा वापर मान्य केला. मात्र त्याचा हेतू रोग समूळ बरा करण्याचा नसून त्रास कमी करण्याचा आहे.

दुसरी पद्धत गाठीतच औषध टोचण्याची आहे. मेलानोमा या त्वचाकर्करोगाच्या गाठींत बीसीजी लस टोचण्याचे प्रयोग १९७० च्या दशकात झाले. ऑक्टोबर २०१५ मध्ये अमेरिकेत ‘टी-व्हेक’ या औषधाला मान्यता मिळाली. हर्पिसच्या विषाणूत बदल घडवून तो गाठीत टोचला जातो. तो कर्कपेशी फोडतो आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागे करतो. ज्या चाचणीवर ही मान्यता आधारलेली होती, तीत ४३६ रुग्ण होते. टी-व्हेक घेतलेल्यांपैकी १६.३ टक्के रुग्णांत दीर्घकाळ टिकणारा प्रतिसाद दिसला. तुलनेसाठी दुसरे औषध दिलेल्या गटात तो २.१ टक्के होता. हा फरक लक्षणीय आहे. तरीही फुप्फुस, यकृत अशा अंतर्गत अवयवांतील गाठींवर त्याचा परिणाम मर्यादित राहिला.

तिसरा मार्ग हाता-पायावर पसरलेल्या गाठींसाठी आहे. त्या अवयवाचा रक्तप्रवाह तात्पुरता वेगळा करून त्यातच तीव्र औषध फिरवण्याची ही पद्धत १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे सुरू झाली. नंतर नळ्यांच्या साहाय्याने ती कमी छेदांत करण्याची रीत निघाली. याशिवाय अतिशीत उपचार, लेझर आणि अल्प मुदतीचे किरणोपचार हेही या वर्गात येतात.

या साऱ्या उपचारांचे वाचन समीक्षकाच्या दृष्टीने केले असता काही गोष्टी ठळकपणे दिसून येतात. पहिली गोष्ट म्हणजे, यशाचे मोजमाप बहुधा गाठीचे असते, माणसाचे नसते. ८५ टक्के गाठींनी प्रतिसाद दिला याचा अर्थ ८५ टक्के रुग्ण वाचले असा होत नाही. गाठ विरघळली तरी रोग अन्यत्र वाढत असू शकतो. मराठी वृत्तपत्रीय लेखनात हे दोन आकडे सर्रास एकमेकांत मिसळले जातात आणि ‘कॅन्सरवर सुईने मात’ असे मथळे तयार होतात.

दुसरी गोष्ट म्हणजे, या पद्धतींपैकी अनेकींचा विकास गोऱ्या त्वचेच्या, उन्हामुळे होणाऱ्या मेलानोमाभोवती झाला आहे. आपल्याकडील त्वचाकर्करोग अनेकदा जुन्या व्रणांतून, भाजल्याच्या खुणांतून येतो. मेलानोमा झाला तर तो तळपायासारख्या जागी आढळतो. कमरेच्या काचव्रणातून जांघेच्या ग्रंथीत गेलेल्या रोगाला टी-व्हेक लागू होत नाही. विद्युत्‌-रसायनोपचार चपट्या पेशींच्या कर्करोगाच्या त्वचेवरील गाठींवर चालतो. पण ग्रंथीतील प्रसारासाठी शस्त्रक्रिया व किरणोपचार हाच मुख्य आधार राहतो. म्हणून परदेशी शोधाची बातमी जशीच्या तशी आपल्या रुग्णावर लावणे ही दिशाभूल ठरते.

तिसरी गोष्ट या उपचारांच्या बाजूची आहे आणि तीही तितक्याच निःसंकोचपणे सांगितली पाहिजे. ‘त्रास कमी करणे’ हे गौण उद्दिष्ट नव्हे. वाहणारी, रक्ताळणारी, दुर्गंधी येणारी जखम स्त्रीला घरातल्या घरात वाळीत टाकते. ती चुलीपाशी बसत नाही, नातवंडाला जवळ घेत नाही, सप्ताहात वा लग्नात जात नाही. अशा जखमेचे वाहणे थांबले, वास गेला, तर आयुष्याची लांबी वाढो वा न वाढो, ती माणसांत परत येते. अल्पछेदी उपचारांचे खरे मूल्य येथे आहे. त्यांना रोगमुक्तीचे चमत्कार म्हणून विकणे जसे चूक, तसेच ‘बरे होणार नसेल तर कशाला’ म्हणून नाकारणेही चूक. दुर्गंधीवर डॉक्टरांच्या सल्ल्याने जखमेत वापरले जाणारे मेट्रोनिडॅझोल हे स्वस्त औषधही याच अर्थाने स्थानिक उपचार आहे. त्याला मथळा मिळत नाही, एवढाच काय तो फरक.

५. ‘स्थानिक’ कोणासाठी?

वैद्यकात ‘स्थानिक’ म्हणजे शरीराच्या एका जागेपुरता. सामान्य मराठीत ‘स्थानिक’ म्हणजे आपल्या गावचा, जवळचा. या दोन अर्थांतील अंतर हाच या विषयाचा गाभा होय. टी-व्हेक उणे सत्तर अंश सेल्सिअसपेक्षाही थंड तापमानात साठवावे लागते. विद्युत्‌-रसायनोपचारातील औषध जुने व परिचित असले, तरी विद्युत्‌स्पंद देणारे यंत्र आणि ते चालवणारे प्रशिक्षित हात मोजक्या ठिकाणी असतात. म्हणजे शरीराच्या दृष्टीने जो उपचार अत्यंत स्थानिक, तोच भूगोलाच्या दृष्टीने अत्यंत दूरचा.

हदगाव तालुक्यातील स्त्रीचा मार्ग डोळ्यांसमोर आणावा. आधी गावातला दवाखाना, मग तालुक्याचे रुग्णालय, मग नांदेडजवळ विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. कर्करोगाचे निदान झाले की पुढे छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय किंवा मुंबईचे टाटा. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत नांदेड होता. २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ती ओळखली जाते. कर्करोगाची शस्त्रक्रिया, रसायनोपचार, किरणोपचार यांचा तीत समावेश आहे. ही मोठी सोय आहे. तथापि, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, मुक्काम आणि घरी राहिलेली गुरे यांचा हिशेब कोणत्याही योजनेत बसत नाही. सहा आठवड्यांचे किरणोपचार ‘अल्पछेदी’ असले, तरी कुटुंबाच्या दृष्टीने ते अल्प नसतात.

याउलट, या आजारापुरते तीन उपचार खऱ्या अर्थाने दोन्हीकडून स्थानिक आहेत. पहिला म्हणजे गाठीची जागा रोज थोडी बदलणे, काचणाऱ्या ठिकाणी मऊ कापडाची रुंद घडी ठेवणे, रात्री नेसण सैल करणे. काम करणाऱ्या बाईला ‘सैल नेस’ एवढेच सांगून भागत नाही. काम न अडता दाब कसा वाटून जाईल हे सांगावे लागते. दुसरा म्हणजे पाहणे. कमरेवरचा रंग उडाला, साल निघू लागली, खाज थांबेना, की दाखवावे. तिसरा म्हणजे तुकड्याची तपासणी. जागा बधिर करून काही मिलिमीटरचा तुकडा घेतला जातो व तो प्रयोगशाळेत पाहिला जातो. छेद लहान, भूल स्थानिक, वेळ थोडा. अल्पछेदी वैद्यकाचे याहून उपयुक्त उदाहरण या आजारात दुसरे नाही. कारण तो तुकडा पहिल्या वर्षी घेतला तर जांघेपर्यंतची वेळ बहुधा येणारच नाही.

यातील मोठा अडथळा लाजेचा आहे. कंबर झाकलेली असते. सून पाहत नाही, मुलगा विचारत नाही, दवाखान्यात पुरुष डॉक्टरसमोर नेसण सोडायचे म्हणून बाई जात नाही. हळद, तेल, कोरफड यांवर महिने जातात. म्हणून या आजाराची पहिली तपासणी घरातील स्त्रीने किंवा गावातील आशा कार्यकर्तीने करणे अधिक शक्य आहे. त्यासाठी तिच्या तोंडी असा शब्द हवा की, जो विचारताना संकोच वाटणार नाही. ‘तुम्हाला पेटीकोट कॅन्सर आहे का?’ हे कोणी विचारू शकत नाही. ‘मावशी, कमरेला काच पडलाय का, बघू?’ हे कोणीही विचारू शकते.

समारोप

वर्ध्याच्या डॉक्टरांचा वृत्तान्त महत्त्वाचा आहे, कारण लुगडे नेसणाऱ्या एका वृद्ध स्त्रीचे शरीर त्याने जागतिक वैद्यकीय वाङ्मयात नोंदवले. त्याच्या शीर्षनामाने मात्र तिलाच बाहेर ठेवले. या विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) वस्त्रावरून रोगाला नाव देण्याची परंपरा खानोलकरांच्या काळापासून उपयुक्त ठरली असली, तरी ‘पेटीकोट कॅन्सर’ हे नाव लुगडे व धोतर नेसणाऱ्यांना चुकीचा दिलासा देते.

२) दाबावर बोट ठेवणारा ‘काच’ हा शब्द मराठीत उपलब्ध आहे. आरोग्यशिक्षणात त्याचा वापर व्हावा.

३) पसरलेल्या त्वचाकर्करोगावरील अल्पछेदी स्थानिक उपचार बहुतांशी त्रासशमनासाठी आहेत. गाठीच्या प्रतिसादाला रुग्णाचे बरे होणे समजू नये. तसेच त्रासशमनाला कमीही लेखू नये.

४) उपचार ‘स्थानिक’ आहे की नाही हे शरीरावरून जसे ठरते, तसे तो रुग्णाच्या गावापासून किती दूर आहे यावरूनही ठरवले पाहिजे.

५) घट्ट नेसण ही श्रमाची गरज आहे. ती सोडण्याचा उपदेश करण्याऐवजी दाब कमी करण्याचे व्यवहार्य उपाय सांगावेत.

महाविद्यालयातील अध्यापकवर्गाला यात करण्यासारखे काम आहे. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दरवर्षी खेड्यांत होतात. तेथे ग्रामस्वच्छतेबरोबर हा एक प्रश्नही नेता येईल. आपल्या वर्गातील अनेक विद्यार्थिनींच्या घरी लुगडे नेसणारी आजी आहे. तिच्या कमरेवरचा वळ एकदा उजेडात पाहा आणि तिथे न भरणारी जखम असेल तर तिला घेऊन नांदेडला जा, एवढे जरी आपण वर्गात सांगितले, तरी या चर्चेचे सार्थक होईल.